जाताना तुकोबांची वाट, येताना माउलींची : पुण्याहून द्राक्षमळ्यांपर्यंत सहा दिवसांची पहिली सायकल सहल

परदेशात 'रेल ट्रेल' नावाची एक सुंदर सोय असते. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून घेतात, खालच्या भरावावर बारीक खडी दाबून बसवतात आणि ती वाट सायकलींना नि पायी चालणाऱ्यांना मोकळी करून देतात. न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोमध्ये १९९० साली बंद झालेल्या रेल्वेवर २००० साली असा १५२ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीत १९८३ च्या वणव्यात रेल्वेमार्गाचं नुकसान झालं, आणि पुढे त्याच जागी 'रीसलिंग ट्रेल' तयार झाली. रीसलिंग हे तिथल्या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचं नाव. दोन्ही ठिकाणी लोक चार-पाच दिवसांची सुट्टी काढून येतात, रोज थोडं अंतर चालवतात आणि वाटेतल्या द्राक्षमळ्यांवर थांबत जातात.

ही सहल नवख्यांना झेपते याचं कारण चढ. वाफेच्या इंजिनाला कडक चढ जमत नसे, म्हणून रेल्वे बांधणारे डोंगराला वळसे घालत, खिंडी फोडत, भराव टाकत. ओटागोच्या मार्गावर सर्वांत जास्त चढ ५० ला १ आहे. म्हणजे ५० मीटर पुढे गेल्यावर तुम्ही एक मीटर वर येता. एवढा चढ पायांना जेमतेम कळतो.

आपल्याकडे अशी वाट शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही, कारण आपण जुने रेल्वेमार्ग सहसा सोडून देत नाही, त्यांचीच रुंदी वाढवतो. दौंड–बारामती मार्ग एकेकाळी नॅरोगेज होता, आज तिथे ब्रॉडगेज आहे. पण पुणेकरांजवळ दुसऱ्या दोन गोष्टी आहेत आणि त्या एकत्र केल्या तर रेल ट्रेलची उणीव भासत नाही. पहिली म्हणजे नीरेचे दोन कालवे. कालव्यालाही उतार अगदी थोडाच चालतो, कारण पाणी फार वेगाने धावलं तर काठ खचतात. म्हणून कालवा रेल्वेसारखाच जमिनीची समपातळी धरून वळत वळत जातो, आणि त्याच्या काठाची पट्टीही. दुसरी गोष्ट म्हणजे पालखी मार्ग. शेकडो वर्षं लाखो माणसं पायी चालल्यामुळे या वाटांवर माणसाच्या बेताने मुक्काम बसले आहेत. दर पंधरा-पंचवीस किलोमीटरवर पाणी, देऊळ, धर्मशाळा, दुकान. पालखीचे दोन-तीन मुक्काम म्हणजे आपल्या सायकलीचा एक दिवस, एवढं साधं गणित धरून मी या सहलीची आखणी केली आहे.

आणि द्राक्षमळे या वाटेवरच आहेत. तुकोबांची पालखी ज्या रोटी घाटातून चढते, त्या रोटी गावात फोर सीझन्सची वायनरी आहे. पुढे अकलूजच्या बाजूला, माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीला फ्रातेल्ली आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. इटलीतले सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती उभी केली.

नाशिकच का नाही?

वाइन म्हटलं की पहिलं नाव नाशिकचं येतं आणि ते योग्यच आहे. गंगापूर धरणाच्या काठापासून दिंडोरीपर्यंत वायनऱ्यांची रांग आहे. पण पुण्याहून सायकलवर निघायचं तर साधारण २१० किलोमीटरचा नाशिक महामार्ग आहे, आणि भोसरी ते चाकण या पट्ट्यात कंटेनरच्या रांगांमधून नवख्या माणसाला जायला मी सांगणार नाही. नाशिक करायचंच असेल तर सायकली गाडीतून न्या, गंगापूर रोडला मुक्काम करा आणि दिंडोरीकडे रोज एक फेरी मारा. तीही सहल चांगली होते. फक्त 'घरून निघालो आणि गावं ओलांडत पोचलो' हा आनंद तिच्यात नसतो, आणि माझ्या मते बहुदिवसीय सायकल सहलीचा अर्धा जीव त्यातच आहे.

कधी निघायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यातही जानेवारीचा शेवटचा आठवडा आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा माझ्या विशेष आवडीचा, कारण तेव्हा वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. तिथे हिवाळ्यात वेल झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून आपले शेतकरी वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून नव्या काड्या तयार होतात. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, तिच्यातून घड येतात. म्हणून फळ थंडीत भरतं आणि थंडी सरता सरता उतरतं. नोव्हेंबरात गेलात तर कोवळी पानं आणि फुलोऱ्यातले घड दिसतील. मे महिन्यात उन्हामुळे जाऊ नका, आणि आषाढीच्या आधीचे तीन आठवडे तर अजिबात नको. तेव्हा ती वाट वारकऱ्यांची असते.

हिवाळ्याची एक अडचण मात्र आहे आणि ती गंभीर आहे : उसाचा गाळप हंगाम. बारामती, इंदापूर, अकलूज, फलटण हा सगळा साखर कारखान्यांचा टापू. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र धावतात, उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेली असतात आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. म्हणून या सहलीचा पहिला नियम असा की उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचलेलं असायचं. उसात बिबट्याचा वावर असतो, हे आणखी एक कारण. ट्रॉलीला ओलांडण्याच्या भानगडीत पडू नका. तिला पुढे जाऊ द्या आणि चांगले वीस-पंचवीस मीटर मागे राहा, कारण ऊस सुटून पडतो.

सहा आठवड्यांची तयारी

पूर्वी पुणं सायकलींचं शहर होतं, घरोघरी सायकल असे. त्या सायकली रोज चालत, म्हणून माणसं तयार असत. आपण आज खुर्चीवर बसणारे आहोत, तेव्हा शरीराला सहा आठवडे द्या.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस पंधरा-वीस किलोमीटर आणि रविवारी खडकवासला धरणापर्यंत जाऊन परत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रविवारी पानशेतच्या बाजूला ६० किलोमीटर. पाचव्या आठवड्यात खरी परीक्षा घ्या : शनिवारी ६०, लगेच रविवारी ५०, आणि दोन्ही दिवस कॅरिअरवर पूर्ण सामान बांधून. एका दिवसात शंभर किलोमीटर मारणारी माणसं मी पाहिली आहेत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सीटवर बसवत नव्हतं. बहुदिवसीय सहलीत दुसऱ्या दिवशीची सकाळच ठरवते की तुम्ही तयार आहात की नाही. सहाव्या आठवड्यात हलकं चालवा आणि झोप पुरती घ्या.

पायडल जोर लावून मारू नका. गिअर हलका ठेवा, फेरे जास्त होऊ द्या, मिनिटाला ७० ते ८०. गुडघेदुखीच्या बहुतेक तक्रारी जड गिअरमुळे किंवा सीट खाली असल्यामुळे येतात. सीटची उंची ठरवायची सोपी रीत अशी : भिंतीला धरून बसा, पायडल अगदी खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा जितका वाकायला हवा तितकाच वाकतो.

सायकल आणि सामान

नवी महागडी सायकल लागत नाही. गिअरची हायब्रिड, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी सायकल असेल तर उत्तम, जाड टायरची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल असेल तरी चालेल. बारीक टायरची रोड बाइक मात्र कालव्याच्या पट्टीवर त्रास देते. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत. मागे पक्कं कॅरिअर आणि त्याच्या दोन बाजूंना पॅनियर, म्हणजे लटकवायच्या पिशव्या. पाठीवर सॅक घेऊ नका. घामाने पाठ भिजते ते एक, आणि सॅकचं सगळं वजन शेवटी सीटवर येतं. सामान एकूण आठ किलोच्या आत बसवा. दोन जोड सायकलचे कपडे, एक जोड संध्याकाळचा, पातळ जर्किन, चपला, टॉवेलऐवजी पंचा. रात्री धुतलेले कपडे सकाळी ओलसर असले तर पॅनियरला पिन लावून वाळवत न्या.

दुरुस्तीच्या पिशवीत दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, टायर काढायचे दोन लिव्हर, हातपंप, अ‍ॅलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) संच, चेन तोडायचं हत्यार आणि चेनचा जोड, थोडं तेल, थोड्या प्लास्टिकच्या पट्ट्या. एक गोष्ट दुकानातच तपासून घ्या. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असला तर गावातल्या कुठल्याही पंक्चरवाल्याच्या मशीनवर हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्ह असेल तर त्याला बसणारं पितळी अडॅप्टर बरोबर ठेवा. रुपयांत मोजण्यासारखी वस्तू नाही ती, पण नसली तर सगळा दिवस हातपंपावर जातो.

आता पंक्चरबद्दल, कारण ते होणारच. दोन वर्षांपूर्वी मी बारामतीच्या पुढे डाव्या कालव्याच्या पट्टीवर होतो. मागचं चाक बसलं. मी घाईने ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो आणि शंभर पावलांवर पुन्हा चाक खाली. पलीकडे उसाला पाणी देत असलेले एक आजोबा खोरं खांद्यावर टाकून आले.

"काय झालं, पाव्हणं?"

"दुसऱ्यांदा पंक्चर, बाबा."

"काटा काढलाव का आधीचा?"

मी काढला नव्हता. त्यांनी टायर हातात घेतला, आत अंगठा घालून सावकाश फिरवत नेला, एका जागी थांबले आणि बाहेरच्या बाजूने नखाने रबर दाबलं. वेड्या बाभळीच्या काट्याचं तांदळाच्या कणीएवढं टोक आत राहिलं होतं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. "नुसती ट्यूब बदलून काय व्हतंय, चोर घरातच हाय की," म्हणाले आणि पाण्याकडे परत गेले. तेव्हापासून मी ट्यूब बदलताना टायर आतून दोनदा चाचपतो, एकदा बोटाने आणि एकदा कापडाने. कापडाला काटा अडकतो.

पहिला दिवस : उरुळी कांचन ते बारामती, सुमारे ७० किलोमीटर

हडपसरपासून उरुळीपर्यंतचा सोलापूर रस्ता फार गर्दीचा आहे. सायकली टेम्पोत टाका आणि उरुळी कांचनला उतरून सुरुवात करा. यात कमीपणा काही नाही. पहिल्या तासात घाबरलेला माणूस सहाही दिवस आखडून चालवतो, हे मी पाहिलं आहे.

पहिला चहा-नाश्ता यवतला. पालखी इथे मुक्कामाला असते तेव्हा गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं, आणि सायकलवाल्यालाही पिठलं-भाकरीसारखा दुसरा आधार नाही. नुसत्या पोह्यांवर निघालात तर दीड तासात गळून जाल. पुढे वरवंड, मग पाटस. पाटसला महामार्ग सोडून उजवीकडे बारामतीचा रस्ता धरायचा. हाच पालखी महामार्ग, ९६५ जी. चौपदरी झाल्यापासून तो गुळगुळीत आणि रुंद आहे, पण रुंदीकरणात जुनी झाडं गेल्यामुळे सावली कमी आहे. कडेची पट्टी धरून चाला आणि समोर लक्ष ठेवा, कारण त्याच पट्टीवरून उलट्या बाजूने दुचाक्या येतात. नवा रस्ता गावाबाहेरून वळसा घेतो तिथे जमेल तेव्हा जुन्या रस्त्याने गावात शिरा. पाणी, चहा आणि पारावरची सावली तिथेच मिळते.

रोटीचा घाट नावाला घाट आहे, सर्वांत हलक्या गिअरवर सावकाश चढलात तर उतरावं लागत नाही. वायनरी टेकडीवर आहे. भेटीची वेळ दोन दिवस आधी फोन करून ठरवा, अचानक गेलात तर फाटकावरून परतावं लागेल. आणि इथे फक्त बघायचं, चाखायचं नाही. अजून तीस किलोमीटर रस्त्यावर जायचं आहे. दारू पिऊन सायकल चालवणं मोटारसायकल चालवण्याइतकंच जिवाशी येतं, आणि उन्हात शरीर आधीच कोरडं पडलेलं असताना तर थोडीशी वाइनही डोक्यात जाते. सायकल कुलूप लावून खोलीत गेल्यावरच पेला हातात घ्यायचा. माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाकडून मी हे निघण्याआधी कबूल करून घेतो.

पुढे उंडवडी गवळ्याची, आणि मग बारामती. लॉज ठरवताना फोनवर एवढंच विचारा की सायकल खोलीत घेऊ देतात का. 'खाली पार्किंगला राहील' असं म्हणाले तर दुसरीकडे विचारा.

दुसरा दिवस : बारामती ते इंदापूर, सुमारे ५० किलोमीटर

अंतर कमी ठेवलं आहे, कारण आज कालव्यावर जायचं. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळात, १८८० च्या दशकात झाला आणि दुष्काळी बारामती-इंदापूरचा ऊसपट्टा त्यानेच घडवला. रस्त्यावर तो ठिकठिकाणी आडवा येतो. पुलापाशी थांबा, तिथल्या माणसाला विचारा, "दादा, पट्टीवरून सायकल जाते का? पुढच्या पुलापर्यंत?" तो जे सांगेल ते नकाशापेक्षा खरं माना. पट्टी पाटबंधारे खात्याची आहे, सायकल मार्ग म्हणून बांधलेली नाही. फाटक असेल, काम चालू असेल तर मागे फिरा. दोन-चार किलोमीटरचा तुकडा मिळाला तरी पुरे. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस, चाकाखाली मऊ माती, आणि चढ असा नाहीच. खंड्या पक्षी तारेवरून पाण्यात झेपावतो तो आवाजही ऐकू येतो, इतकी शांतता असते. पाण्यात मात्र उतरू नका. काठ निसरडे असतात आणि वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला आत ओढ असते.

वाटेत काटेवाडी लागते, जिथे पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि बेलवाडी, जिथे गोल रिंगण होतं. हिवाळ्यात तिथे नुसतं मोकळं मैदान दिसेल. तरी पाच मिनिटं थांबा.

गावातली कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालू लागा. धावणारं चाक थांबलं की त्याचा रस संपतो.

पाणी आणि खाणं

थंडीच्या दिवसांत तहान कमी लागते आणि तिथेच लोक फसतात. दोन बाटल्या सायकलवर, एक लिटर पॅनियरमध्ये, आणि तासाला अर्धा ते पाऊण लिटर पोटात. एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर. पाऊण तासाने काहीतरी खाल्लंच पाहिजे : केळं, खजूर, गूळ-शेंगदाणा, चिक्की. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. दुपारच्या आत लघवीचा रंग गडद झाला तर थांबा आणि पाणी प्या. रसवंतीगृह दिसलं की थांबायला हरकत नाही, फक्त बर्फ नको म्हणून सांगा. बाहेरच्या बर्फाने पोट बिघडलं तर पुढचे दोन दिवस जातात.

आणि रस्त्याकडेच्या बागेतली द्राक्षं तोडून खाऊ नका. ती कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीची आहेत हे तर आहेच, पण डावण्या आणि भुरी या रोगांसाठी बागेवर फवारण्या होत असतात आणि शेवटची कधी झाली ते तुम्हाला माहीत नसतं. हवी असतील तर शेतकऱ्याला विचारून विकत घ्या.

तिसरा दिवस : इंदापूर ते अकलूज आणि द्राक्षमळा

सराटीला नीरा नदी ओलांडायची. इथे तुकोबांच्या पादुकांना नीरास्नान घालतात, आणि पलीकडे सोलापूर जिल्हा सुरू होतो. अकलूजपर्यंत सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे सकाळी दहापर्यंत तुम्ही पोचलेले असाल. मळ्यावरची भेट आणि राहण्याची सोय आठवडाभर आधी फोनवर ठरवा. मळ्याजवळ राहायला मिळालं तर सर्वांत छान. नाही मिळालं तर मुक्काम अकलूजला करा आणि मळ्यावर गाडीने जाऊन या. आज चाखायचं आहे, म्हणून सायकल खोलीतच राहू द्या.

मळ्यात गेल्यावर थेट चाखायच्या टेबलाकडे धाव घेऊ नका. आधी वेलींच्या रांगांत चालू द्या म्हणून विनंती करा. खायच्या द्राक्षांच्या बागा तुम्ही वाटेत पाहिल्या असतील, डोक्यावर मांडव आणि खाली लोंबणारे टपोरे घड. वाइनचे वेल बहुधा वेगळे दिसतात : उभ्या तारांवर बांधलेल्या सरळ रांगा, कमरेच्या उंचीवर घड, मणी छोटे, साल जाड, आत बी. एक मणी खायला मिळाला तर चावून चावून खा. आधी गोडी येते, मग सालीचा तुरटपणा जिभेवर बसतो, मग बीचा कडवटपणा. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. गराचा रस तर जवळजवळ पांढराच असतो. म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात आणि पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच वेगळा काढतात.

एका फेब्रुवारीत मी तोडणीच्या सकाळी मळ्यात होतो. एका ताईंनी चार-पाच मणी चुरडून रसाचा थेंब छोट्या दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर टाकला आणि ती उजेडाकडे धरायला माझ्या हातात दिली. आत निळ्या-पांढऱ्या रंगांची रेघ होती आणि शेजारी आकडे. रेघ २३ च्या किंचित वर. तो रिफ्रॅक्टोमीटर, आणि तो आकडा म्हणजे ब्रिक्स, रसातल्या साखरेचं माप. खायची द्राक्षं साधारण १८ ला उतरवतात. वाइनसाठी थोडं अधिक थांबतात, कारण पुढे यीस्ट त्याच साखरेचा अल्कोहोल करणार असतं. ताईंनी रेघ पाहिली, मान हलवली आणि रांगेतल्या बायकांना हाक दिली, "चला गं, ही रांग घ्या." ऊन चढायच्या आत क्रेट भरून छपराखाली गेले, कारण गरम झालेला घड क्रेटमध्येच आंबू लागतो.

चाखताना क्रम पांढरी, मग गुलाबी, मग लाल असा ठेवा. सान्जोव्हेजे हे इटलीचं द्राक्ष माळशिरसच्या मातीत कसं लागतं ते इथे कळतं. घोट तोंडात फिरवून थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात लाजू नका. दोन घोटांमध्ये पाणी प्या आणि उपाशीपोटी बसू नका. बाटली विकत घ्यावीशी वाटेल. भरलेली बाटली सव्वा-दीड किलोची असते आणि परतीची वाट माउलींची आहे. मी त्या वाटेवर बाटली नेत नाही, आणि तुम्हीही नेऊ नये असं मला मनापासून वाटतं. पुण्यात मिळते, तिथे घ्या. देवळाच्या धर्मशाळेत उतरायची वेळ आली तर त्या जागेचे नियम पूर्ण पाळा, आणि 'कुठून आलात' याचं उत्तर द्राक्षमळ्यातून असं देताना आवाजात फुशारकी नको. शेतीबद्दल बोला, लोक आपुलकीने बोलतात.

ज्यांची रजा इथेच संपते त्यांनी अकलूजहून छोटा हत्ती ठरवून चौघांत परतावं. एसटीच्या बऱ्याच गाड्यांना आता टपावर कॅरिअर नसतं, त्या भरवशावर राहू नका.

परतीचे तीन दिवस

चौथ्या दिवशी अकलूज–माळशिरस–नातेपुते–बरड–फलटण, सुमारे ६५ किलोमीटर. हा सगळ्यांत लांब वाटणारा दिवस, कारण रस्ता सरळ, उघडा आणि समोरून वारा असू शकतो. वाऱ्यात दोघा-तिघांनी ओळीने चालवा आणि पुढचा माणूस दर पाच मिनिटांनी बदला. नीरा उजवा कालवा आज सोबतीला आहे. फलटणला संध्याकाळी राममंदिर आणि शेजारचा राजवाडा बघा. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच नाईक-निंबाळकर घराण्यातल्या.

पाचव्या दिवशी तरडगाव, लोणंद, नीरा, वाल्हे आणि जेजुरी, सुमारे ६० किलोमीटर. नीरेपर्यंत सोपं आहे. वाल्ह्यानंतर दौंडज खिंडीचा चढ येतो. तो दुपारच्या उन्हात अंगावर घेऊ नका, नीरेला मोठी विश्रांती घ्या आणि उन्हाचा भर ओसरल्यावर निघा. उतरून सायकल ढकलावी लागली तर ढकला. जेजुरीचा गड दुसऱ्या दिवशी सकाळी चढा, पायांत त्या संध्याकाळी पायऱ्यांपुरता जोर उरत नाही.

सहाव्या दिवशी सासवडला सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन घेऊन, अंजिरं मिळाली तर खाऊन दिवे घाटाकडे. जेजुरीपासून हडपसर चाळीसच्या आसपास. घाट आपल्या बाजूने उतार आहे आणि सहा दिवसांतली सर्वांत जपायची जागा तीच. निघण्याआधी झेंडेवाडीला थांबून दोन्ही ब्रेक तपासा, सामानाच्या पट्ट्या आवळा. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते आणि ब्रेक सुटल्यासारखे होतात. थोडं दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि वळणाच्या आधीच वेग कमी करा. कडेला खडी किंवा रस्त्याचं काम असेल तिथे उतरून चाला. वडकीपासून पुढे पुन्हा पुण्याची गर्दी सुरू होते, थकलेल्या डोळ्यांना ती एकदम अंगावर येते, म्हणून वडकीला चहा घेऊनच शहरात शिरा.

घरी पोचल्यावर सायकल तशीच भिंतीला टेकवून ठेवू नका. कालव्याची माती चेनमध्ये बसलेली असते, ती जुन्या ब्रशने आणि रॉकेलने धुवा, पुसा, तेल द्या. मग दोन्ही टायर काढून आतून एकदा बोट आणि एकदा कापड फिरवा. बाभळीचं एखादं टोक अजून तिथे असतं, आणि ते आठवडाभराने ऑफिसला जायच्या सकाळीच वर येतं.